काळ्या फडक्यातला दांडा

गोरक्षने पकडीने दोन्ही बाजूंच्या पिना ओढल्या, प्रिंटरच्या कार्ट्रिजचे पोट उघडले आणि आतला हिरवा, चकचकीत दांडा बाहेर काढून लगोलग काळ्या फडक्यात गुंडाळला. मग खिडकीकडे बघून म्हणाला,

"ताई, तेवढा पडदा ओढता का? ह्या ड्रमला उजेड चालत नाही."

भारतीने कॉम्प्युटरपुढून उठून पडदा ओढला. दाराजवळच्या स्टुलावर तिचे सासरे रंभाजी तंबाखू मळत बसले होते. त्यांचा अंगठा तळहातावर थांबला.

"उजेड चालत न्हाई," ते म्हणाले. "नवी नवरी हाय का ती, तोंड झाकून ठिवायला?"

"तसंच धरा, बाबा," गोरक्ष हसून म्हणाला.

"जादूगार पन असंच करत्यात. आदी फडकं टाकायचं, मंग कबूतर काढायचं."

गोरक्ष पुन्हा हसला. रंभाजींना ते हसणे आवडले नाही. तो हसला नसता तर तेही त्यांना आवडले नसते.

गोरक्ष तिशीचा होता, दोन लेकरांचा बाप होता, पण रंभाजींच्या लेखी तो पोरगाच. खिशाला तीन पेने, कमरेला चाव्यांचा जुडगा आणि तोंडाला उसंत नाही. पुण्यात कुठल्याशा दुकानात सहा महिने हाताखाली राबला आणि घोडेगावला परत येऊन मेकॅनिक झाला. आता मोटरसायकलवरून जिल्हाभर हिंडून लोकांची यंत्रे उघडत होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस रंभाजी लांबूनच ओळखत. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा भारतीने चहा केला होता, आणि हा घोडेगावचा गोरक्ष आपल्या घरचा कप तोंडाला लावतो की 'आत्ताच घेऊन आलो' म्हणतो, हे बघायला रंभाजी मुद्दाम समोर बसले होते. त्याचा तिरस्कार करायची त्यांची पूर्ण तयारी होती. गोरक्षने बशीत ओतून फुरके मारत चहा प्यायला आणि आणखी अर्धा कप मागितला. तेव्हापासून तो हावरट आहे, असे रंभाजींचे मत झाले.

"आमचं म्हातारं पन असंच," ब्रशने शाईची पावडर झटकत गोरक्ष म्हणाला. "मागल्या दिवाळीला टीव्हीची काच राखेनं घासली. वरून म्हनतंय, आता कसं लख्ख दिसंल."

"तुझा बाप अडानी हाय," रंभाजी म्हणाले. "आमी छापखान्यात काढली तीस वर्षं."

"ते तर हायेच की, बाबा."

नगरजवळच्या केडगावात पुणे रस्त्याला लागून असलेल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या खोलीत भारतीचे डीटीपीचे काम चाले. लेसर प्रिंटर पुण्याच्या एका कंपनीने टाकून दिलेला. रंभाजींचा मुलगा सम्राट एमआयडीसीत पाळीवर जाई. त्यानेच तो टेम्पोत घालून, खाली गादी अंथरून आणला होता. सम्राट आणि भारतीच्या लग्नाला तीन वर्षे झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि पाळण्याच्या जागी सुनेने हा डबा आणून बसवला आहे, असे रंभाजी शेजाऱ्यांना सांगत. पाळण्यातले पोर निदान मोठे तरी होते. हे आपले नुसते खात होते. कधी कागद, कधी पावडर.

भारती लग्नपत्रिका, जाहिराती, वर्षश्राद्धाची कार्डे टाइप करी आणि त्यांची पाने प्रिंटरमधून बटर पेपरवर काढून देई. त्यावरून शहरातला प्लेटवाला प्लेट करी आणि मग छपाई होई. रंभाजींना हा सगळाच प्रकार पोरखेळ वाटे. कंपोझिटर म्हणून त्यांनी शिशाचा एकेक खिळा उचलून, उलटा वाचून ओळी जुळवल्या होत्या. छापलेल्या कागदाच्या मागून बोट फिरवले की अक्षर हाताला लागले पाहिजे, त्याला छपाई म्हणतात. या डब्यातून निघालेले अक्षर कागदावर नुसते बसलेले असते, नखाने खरवडले तर निघून येते. "टिकल्या चिकटवत्यात," ते म्हणत.

त्यांचा तो छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने खिळे वजनावर भंगारात घातले. त्या मालकाला 'शुभाशीर्वाद' धड लिहिता येत नव्हता. निम्म्या जिल्ह्याच्या सत्यनारायणाच्या आणि मुंजीच्या पत्रिका रंभाजींच्या हाताखालून शुद्ध होऊन जात, आणि रंभाजींचा चहाचा कप मात्र खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा पालथा घातलेला असे. तीस वर्षे त्यांनी त्या कपातून चहा प्यायला आणि घोटाघोटाला मनातल्या मनात मालकाची अक्कल काढली. भांडता येत नव्हते, नोकरी सोडता येत नव्हती. तुच्छ लेखणे तेवढे कोणाला अडवता येत नव्हते. ते त्यांना इतके जमले की पुढे मालक गेला, छापखाना गेला, बायको सुमनबाई गेली, पण ती सवय काही गेली नाही. आता ती सुनेवर, शेजाऱ्यांवर, गिऱ्हाइकांवर आणि या गोरक्षवर चाले.

गोरक्षने कार्ट्रिज मिटवून आत सरकवले आणि पुढच्या पट्टीवरचे एक बटण दाबून धरले. प्रिंटर घुरघुरला, आणि त्याने आपल्या आपण नमुन्याचे एक पान काढले. पान स्वच्छ होते. फक्त डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, केसासारखी एक काळी रेघ होती.

"ही राहणार, ताई," गोरक्ष म्हणाला. "ड्रमलाच ओरखडा हाय. नवीन ड्रम पुण्याहून मागवावा लागंल, आठ-दहा दिवस जातील."

"माझी स्मरणिका सोमवारी प्लेटला जायची आहे."

"जाईल की. रेघ मार्जिनमधी येती. बटर पेपरवरनं ब्लेडनं हळूच खरवडा. एवढं काम निघंल त्याच्यावर. फक्त आता उघडू नका कुणी."

शेवटचे वाक्य तो कोणाकडेही न बघता बोलला. भारतीने मात्र स्टुलाकडे पाहिले.

ती स्मरणिका पारनेर तालुक्यातल्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची होती. पत्रिका आणि कार्डे करून भारती कंटाळली होती. पुस्तकाचे काम तिला पहिल्यांदाच मिळाले होते. मुख्याध्यापक भागवत सरांनी ते देताना सांगितले होते, वेळेत झाले तर पुढचे शाळेचे सगळे काम तुमच्याकडे, नाहीतर नगरचे मोठे प्रेस आहेतच. सरांच्या संपादकीयात एकही वाक्य धड नव्हते. रंभाजींनी त्याची मुद्रिते तपासताना लाल पेनाने पाने रंगवली होती आणि "ह्यो मानूस पोरांना मराठी शिकवतोय" असे रोज दोनदा म्हटले होते. भारतीने त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. मुद्रिते तपासायला ती त्यांनाच देई, तेवढे तिला कळत होते.

पण रंभाजींना ते पुरत नव्हते. मुद्रिते काय, कोणी मास्तरही तपासेल. त्यांना हवे होते ते यंत्र. घरात छपाईचे यंत्र असावे, छपाईत हाडे झिजवलेला माणूस असावा आणि यंत्र रुसले की सुनेने एसटीडी बूथवर धावत जाऊन घोडेगावला फोन लावावा, हे त्यांच्या फार जिव्हारी लागे. एकदा तरी तिने स्टुलाकडे वळून 'मामा, जरा बघता का?' म्हणावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती काही म्हणत नव्हती. उलट दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सरांची शेवटची सही घ्यायला पारनेरला निघताना ती चपला घालता घालता म्हणाली,

"मामा, भाकरी टोपलीत आहे. कालवण झाकून ठेवलंय. आणि यंत्राला तेवढा हात लावू नका."

"मी कशाला लावतोय त्या डब्याला हात," रंभाजी म्हणाले.

सम्राट दिवसपाळीला गेलेला होता. भारतीची एसटी गेली असेल इतका वेळ रंभाजी स्टुलावर बसून राहिले. मग ते उठून नमुन्याचे पान घेऊन दारात आले. ती रेघ त्यांनी उजेडात धरून पाहिली, आणि त्यांना हसू आले. ओरखडा म्हणे. असल्या रेघा त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. शाईच्या रुळाला केस चिकटला, शाई वाळून बसली की अशी रेघ येते. रेघ म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे रॉकेल आणि फडके. छापखान्यात झाडूवाल्यालाही हे ठाऊक होते. हा कमरेला चाव्या लावून फिरणारा शहाणा त्यासाठी पुण्याहून दांडा मागवणार होता, आणि तोवर ही पोरगी शंभर पाने ब्लेडने खरवडत, मान मोडत बसणार होती. संध्याकाळी ती येईल, बटण दाबेल आणि स्वच्छ, करकरीत पान निघेल. ती विचारेल, रेघ कुठे गेली? आपण काही बोलायचे नाही. तंबाखू मळायची.

ओट्याखालून त्यांनी रॉकेलचा कॅन काढला. कार्ट्रिज बाहेर ओढले, पकडीने पिना उपटल्या. गोरक्षचा एकेक हात त्यांनी पाहून ठेवला होता आणि त्यांची बोटे अजून बोथटली नव्हती. तीनदा पाहिलेले काम चौथ्यांदा करायला त्यांना अडचण आली नाही. हिरवा दांडा हातात आला. लाटण्याएवढा, पण वजनाला पोकळ. त्यात लाजण्यासारखे त्यांना काही दिसले नाही. रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी तो टोकापासून टोकापर्यंत चोळला, उलटा केला, पुन्हा चोळला. बोळा काळा झाला. "घाण," रंभाजी मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हते.

धुतलेला रूळ वाळवल्याशिवाय यंत्रावर चढवायचा नाही, हा छापखान्याचा नियम होता. पंख्याने वाळला असता, पण वीज गेलेली होती, आणि बाहेर चैत्राचे ऊन मी म्हणत होते. अंगणात शेजारणीच्या मिरच्या, पलीकडे कोणाच्या गोधड्या, कुरडया, डाळी, जे म्हणून टिकवायचे ते सगळे उन्हात पडलेले. रंभाजींनी खुंटीवरचे सूप काढले, त्यात दांडा ठेवला आणि सूप अंगणात मधोमध नेऊन ठेवले. कावळा बसू नये म्हणून स्वतः उंबऱ्यावर बसले. दांडा उन्हात पाचूसारखा चमकत होता. त्यांना तो काळ्या फडक्याचा तमाशा आठवला आणि ते पुन्हा हसले.

वीज आल्यावर त्यांनी तो जागच्या जागी बसवला, पिना ठोकल्या, कार्ट्रिज आत सारले आणि बटण दाबून धरले.

पान बाहेर आले ते तव्याच्या बुडासारखे. काळेभोर, मध्ये मध्ये राखी ढग. अक्षर म्हणून कुठे दिसत नव्हते. रंभाजींनी ते उलटे करून पाहिले. मग दुसरे काढले. तेही तसेच. तिसऱ्या पानाच्या वेळी त्यांना वाटले, वरची पावडर निघून जात असेल, आता येईल. चौथे पान आले तेव्हा त्यांनी यंत्राचे बटण बंद केले आणि ते उभेच राहिले. सोमवार त्यांना आठवला. भागवत सरांचे नगरचे मोठे प्रेस आठवले. पहिल्या पुस्तकाचे पहिले पान भारतीने मागच्या आठवड्यात दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिले होते, तेही आठवले.

चारही पाने त्यांनी मोरीजवळच्या बंबात घातली. सूप काळे झाले होते, ते घासून धुतले आणि खुंटीला लावले. बंबातले कढत पाणी घेऊन साबणाने हात धुतले. शाई निघावी तशी ती पावडर निघेना. जितके कढत पाणी घ्यावे तितकी कातड्यात बसली. नखांच्या कडा काळ्याच राहिल्या. हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून ते स्टुलावर येऊन बसले.

भारती दिवस मावळताना आली. उन्हाने तिचा चेहरा उतरला होता, पण पिशवीतून तिने भागवत सरांच्या सहीची मुद्रिते अशी काढली की जणू प्रसादच. पाणीही न पिता ती कॉम्प्युटरपुढे बसली.

पहिले पान काळे आले. तिने ते हातात धरले. दुसरे काढले नाही. मग ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. तिथून तिला खुंटीवरचे सूप दिसत असणार. ते अजून ओले होते. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय झालं?" रंभाजींनी बाहेरून विचारले.

"पान काळं येतंय, मामा."

"मी म्हनलंच हुतं," रंभाजी म्हणाले. आपला आवाज इतका चढलेला का आहे हे त्यांनाच कळेना, पण आता तो खाली आणता येत नव्हता. "त्या पोराला काय बी येत न्हाई. काल उघडून बसला तवाच मला कळलं. चांगल्या यंत्राचं वाटुळं केलं त्यानं. आनि तू त्याला चा पाजती."

भारती दारात येऊन उभी राहिली. तिने सासऱ्यांकडे पाहिले, त्यांच्या धोतरात गुंडाळलेल्या हातांकडे पाहिले.

"फोन करून येते," ती म्हणाली.

रात्री जेवताना सम्राटने विचारले तेव्हा भारतीने "ड्रम गेलाय" एवढेच सांगितले. रंभाजींनी भाकरी उजव्या हाताने कुस्करली आणि डावा हात मांडीखाली ठेवला.

गोरक्ष सकाळी सातच्या सुमारास येऊन टपकला. घोडेगावहून इतक्या लवकर यायचे म्हणजे अंधारातच निघाला असणार. मोटरसायकलच्या डिकीतून त्याने काळ्या फडक्यातली एक गुंडाळी काढली.

"नेवाशाच्या एका गिऱ्हाइकाच्या कार्ट्रिजमधला ड्रम हाय," तो भारतीला म्हणाला. "त्याला आठवडाभर गरज नाही. तुमचं काम निघू द्या, मग मी त्याचं बघतो."

त्याने पडदा ओढून घेतला आणि कार्ट्रिज उघडले. उघडताच थांबला. नाकाजवळ नेले. आतला हिरवा दांडा आता हिरवा राहिला नव्हता. जागोजाग फिक्कट, मेलेल्या पालीच्या पोटासारखा झाला होता. गोरक्षने मान वर केली. मोरीच्या दाराजवळ खुंटीवर सूप होते. त्याच्या वेळूच्या पट्ट्यांच्या सांध्यांत काळे अडकून राहिले होते. मग त्याची नजर स्टुलावर आली आणि रंभाजींच्या नखांवरून, न थांबता, पुढे सरकली.

"काय झालंय?" भारतीने विचारले.

गोरक्षने दांडा काळ्या फडक्यात गुंडाळला. घाई नव्हती, आता झाकून उपयोगही नव्हता, तरी गुंडाळला.

"चूक माझी हाय, ताई," तो म्हणाला. "परवा पुसताना मी केमिकल लावलं. ते जास्त झालं. त्यानं वरचा थर गेला."

"असं होय," भारती म्हणाली.

रंभाजींनी कान टवकारले. क्षणभर त्यांचा विश्वास बसेना. मग छातीवरचा धोंडा कोणी उचलावा तसे त्यांना झाले, आणि पाठोपाठ तोच जुना, ओळखीचा तिरस्कार उसळून आला. म्हणजे या गाढवाला आपण काय केले आणि काय नाही एवढेसुद्धा कळत नाही. दुसऱ्याने केलेले स्वतःच्या अंगावर ओढून घेतोय आणि पत्ता नाही. असा माणूस जिल्हाभर यंत्रे उघडत फिरतो.

"बघ," ते सुनेला म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

"व्हय, बाबा," गोरक्ष खाली बघून नवा दांडा बसवत म्हणाला.

"व्हय बाबा काय? आमच्या छापखान्यात असं केलं असतं तर मालकानं दारात उभं केलं न्हसतं. यंत्र म्हंजी काय बाजारातला बैल हाय का, दात बघितलं आनि दावनीला बांदला? लोकाच्या पोटावर पाय येतोय, कळतंय का? ह्या पोरीचं काम गेलं असतं."

"खरं हाय."

"आता तरी शिक कुनाकडनं. नुसतं कमरेला चाव्या लावून मेकॅनिक होत न्हाई."

गोरक्षने बटण दाबून धरले. यंत्र घुरघुरले आणि पान बाहेर आले. पांढरे स्वच्छ, रेघसुद्धा नाही. भारतीने ते पान दोन्ही हातांत धरून पाहिले. ती चहा ठेवायला निघाली, पण गोरक्ष नको म्हणाला. पहिल्यांदाच नको म्हणाला. त्याने हत्यारे गोळा केली, मेलेला दांडा पिशवीत टाकला आणि दारात येऊन चपला घातल्या.

"येतो, बाबा."

रंभाजींनी मान फिरवली. मोटरसायकल पुणे रस्त्याला लागल्याचा आवाज आला तरी ते बोलतच होते. पावडर भरणे हे काही काम नव्हे, पिठाच्या गिरणीतला पोऱ्यासुद्धा ते करील. असल्या लोकांमुळेच छपाई बुडाली. बोलता बोलता त्यांच्या मनात एक गोष्ट आडवी आली. परवा गोरक्षचा एकेक हात त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिला होता, आणि त्याने केमिकल कुठे लावले होते? कसलेच लावले नव्हते. नुसता ब्रश आणि फडके. मग तो म्हणाला का तसे? मूर्ख आहे म्हणून, असे त्यांनी स्वतःला सांगितले, आणि आवाज थोडा आणखी चढवला.

भारती ऐकत होती की नाही कळायला मार्ग नव्हता. तिने पाने काढायला लावली. एकामागून एक बटर पेपर बाहेर येऊ लागले, आणि तेवढ्यात ती उठून स्वयंपाकघरात गेली. स्टुलावरून रंभाजींना ओटा दिसत होता. तिने ओट्याखालून रॉकेलचा कॅन ओढला, हलवून पाहिला. मग पाट घेतला, पाटावर पाट ठेवला, त्यावर चढून टाचा उंच केल्या आणि कॅन अगदी वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, भिंतीला लावून ठेवला. खाली उतरून तिने पदराला हात पुसले.

रंभाजींनी हात धोतराच्या सोग्यात ओढून घेतले.

बाहेर येऊन तिने यंत्रातून निघालेल्या पानांची चळत उचलली. ती स्टुलासमोर उभी राहिली.

"मामा, ही पानं जरा बघता का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता; थोडा असता तर बरे झाले असते. "क्रमानं आहेत का तेवढं. पण आधी हात धुवा. थंड पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं ती पावडर बसते."

रंभाजींनी धोतराच्या सोग्यातून हात बाहेर काढले. ते मोरीत गेले आणि त्यांनी रांजणातले तांब्याभर गार पाणी हातांवर ओतले. थोडे चोळताच काळे पाणी बोटांवरून निघून जाऊ लागले. दुसरा तांब्या भरताना त्यांची नजर वरच्या फळीकडे गेली. सम्राट रांगायला लागला तेव्हा सुमनबाईनेही रॉकेलची बाटली अशीच वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे नेऊन ठेवली होती. आता घरात रांगणारे कोणी नव्हते.